दहा आकडी मूळ संख्येची विचारपूस: वही-पेन घेऊन बसणाऱ्या नवख्यांसाठी

कोल्हापुरात नवा माणूस भेटला की नुसतं नाव विचारून कुणी थांबत नाही. पेठ कुठली, तालीम कुठली, मूळ गाव कुठलं, शेजारी कोण राहतं, हे सगळं चहा यायच्या आत विचारून होतं. मोठी मूळ संख्या समोर आली की मात्र आपण एकच प्रश्न विचारतो, ‘मूळ आहे ना?’ आणि ‘हो’ ऐकलं की उठतो. हा लेख त्या पुढच्या विचारपुशीचा आहे. अकरावी-बारावीचं गणित पुरेल. वही, पेन आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. संगणकावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालवता येत असेल तर शेवटी उपयोगी पडेल, पण सुरुवात त्याने करू नका.

आपली पाहुणी आहे २१४७४८३६४७. लेखात तिला ‘म’ म्हणतो.

आधी नीट लिहून घ्या

संख्या मोठी असली की पहिली चूक लिहिण्यातच होते. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम द्या: २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. मोठ्याने वाचा, दुसऱ्याला वाचायला सांगा, ताडून बघा.

दहा आकडे, म्हणजे मोबाईल नंबराएवढी लांबी. तुमचा स्वतःचा नंबर मूळ असण्याची शक्यता किती? एखाद्या संख्येच्या आसपास साधारण कितीला एक मूळ संख्या पडते, हे त्या संख्येच्या नैसर्गिक लॉगरिदमवरून कळतं. जर्मन गणितज्ञ गाउसला हे विशीच्या आतच दिसलं होतं, सिद्धता मात्र १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसँ यांनी वेगवेगळी दिली. मोबाईल नंबरांच्या टापूत हे प्रमाण साधारण तेविसाला एक. नंबराच्या शेवटी १, ३, ७ किंवा ९ असेल तर नवाला एक. मिसळीच्या दुकानात एका वेळी जेवढी माणसं बसतात, त्यांत एखादा मूळ नंबरवाला निघायला हरकत नाही.

स्वस्तात नापास होते का बघा

२ आणि ५ शेवटच्या आकड्यावरून कळतात. ३ साठी अंकांची बेरीज करा: २+१+४+७+४+८+३+६+४+७ = ४६. ४६ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून म लाही जात नाही.

७, ११ आणि १३ साठी एकाच दगडात तीन पक्षी पडतात. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडायचे आणि एक सोडून एक वजा-अधिक करायचं. म चे गट ६४७, ४८३, १४७ आणि २. म्हणून ६४७ − ४८३ + १४७ − २ = ३०९. आता फक्त ३०९ तपासायचे: ७ ने बाकी १, ११ ने बाकी १, १३ ने बाकी १०. म तिघांतूनही सुटली.

ही युक्ती अंगवळणी पडावी म्हणून पिनकोडवर सराव करा. पिनकोड सहा आकडी, म्हणजे दोनच गट, नुसती एक वजाबाकी. ताराबाई पार्कचा ४१६००३ घ्या. ४१६ − ३ = ४१३ आणि ४१३ म्हणजे ७ × ५९. झालं, पिनकोड सातच्या पाढ्यात सापडला: ७ × ५९४२९. विद्यापीठाचा ४१६००४ तर समच आहे, तिथे वजाबाकीचीही गरज नाही.

कुठपर्यंत भागायचं

एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्यातली लहान संख्या वर्गमुळाच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरे.

जुलै २०२१ च्या पुरात आमच्याकडे वीज नव्हती आणि फोनची बॅटरी जपून वापरायची होती. त्या दुपारी मी ४१६०११ ही संख्या घेऊन बसलो. वर्गमूळ ६४५ ला जरासं कमी, आणि ६४४ पर्यंत मूळ संख्या ११७. एकामागून एक भागाकार केले. २८३ ने बाकी १ आली, ६४१ ने २. दोन्ही वेळा काळजात धस्स झालं, पण शेवटपर्यंत एकानेही भाग गेला नाही. ४१६०११ मूळ आहे. हे काम प्रत्येकाने आयुष्यात एकदा हाताने करावं असं माझं मत आहे, कारण त्याशिवाय पुढच्या युक्तीची किंमत कळत नाही.

म चं वर्गमूळ ४६३४० च्या पुढे येतं. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत सुमारे ४८००. तेवढे भागाकार हाताने करायचे म्हटले तर पूर ओसरेल, पुढचा येईल.

तिचं घराणं ओळखा, काम साठ पटींनी कमी होतं

म मध्ये १ मिळवा: २१४७४८३६४८. हा २ चा ३१ वा घात आहे. म्हणजे म = २ चा ३१ वा घात वजा १. आजरा घनसाळ तांदळाचा एक दाणा बुद्धिबळाच्या पहिल्या घरात, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असं दुप्पट करत गेलात तर पहिल्या ३१ घरांत मिळून बरोबर म एवढे दाणे होतात. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मध्ये त्यांची यादी दिली होती, तिच्यात चुकाही होत्या.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. ३१ मूळ आहे म्हणून म मूळ, असं अजिबात नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. इटलीतल्या पिएत्रो कातालदीने १५८८ मध्ये १३१०७१ आणि ५२४२८७ या दोन मर्सेन संख्या मूळ असल्याचं भागाकार करून दाखवलं, ते बरोबर होतं. पण त्याने २३, २९ आणि ३७ या घातांकांच्या संख्याही मूळ म्हणून सांगितल्या, त्या तिन्ही चुकल्या. २ चा २३ वा घात वजा १ ला ४७ ने भाग जातो.

आता घराणं कळल्याचा फायदा. समजा क ही मूळ संख्या म ला निःशेष भागते. म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला क ने भागलं की बाकी १. आता २, ४, ८, १६ असे घात घेत प्रत्येकाची क ने बाकी लिहीत जा. या बाक्या फिरून फिरून १ वर येतात. ही फेरी किती पावलांची? ३१ पावलांनी १ येतो, म्हणून फेरीची लांबी ३१ ला भागणारी हवी. ३१ मूळ असल्याने ती १ किंवा ३१. १ असणं शक्य नाही, म्हणून ३१. दुसरीकडे फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० मध्ये सांगून ठेवलंय की क−१ पावलांनी बाकी १ येतेच. म्हणजे क−१ ला ३१ ने भाग जायला हवा. क विषम आहे, त्यामुळे क−१ ला ६२ नेही भाग जातो. थोडक्यात, म चा कुठलाही मूळ विभाजक ६२ च्या पटीत १ मिळवूनच येणार. २०४७ वर पडताळा घ्या: तिथे २२ च्या पटीत १ हवा. २३ = २२ + १ आणि ८९ = ४ × २२ + १. बरोबर जमतं.

आणखी एक चाळणी आहे: अशा विभाजकाला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. याची सिद्धता वर्गशेषांच्या धड्यात आहे, सध्या मानून चला. दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यायला हवी. ४६३४० पर्यंत अशा संख्या पावणेचारशेही नाहीत, आणि त्यांतल्या मूळ साधारण ऐंशीच.

सुरुवातीची यादी करून बघा: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. यांतल्या मूळ किती? ३११ आणि १३०३, बस्स. म्हणजे १३०० च्या आत फक्त एकाच संख्येने भागायचं! स्विस गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हेच केलं आणि म मूळ असल्याचं दाखवलं. त्या वेळी तो पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

दहा आकडे न भागता बाकी काढा

३११ ने भागायला दहा आकडी भागाकार मांडायची गरज नाही. २ चे घात पायऱ्यांनी वाढवा आणि प्रत्येक पायरीला बाकीच तेवढी ठेवा.

आठवा घात २५६.
सोळावा घात: २५६ × २५६ = ६५५३६, ३११ ने बाकी २२६.
चोविसावा घात: २२६ × २५६ = ५७८५६, बाकी १०.
एकतिसावा घात: १० ला २ च्या सातव्या घाताने, म्हणजे १२८ ने गुणा. १२८०, बाकी ३६.

१ वजा करा, ३५. बाकी शून्य नाही, ३११ बाद. चार ओळींत काम झालं. १३०३ तुम्ही करा, उत्तर २२६ यायला हवं. उरलेल्या ऐंशीएक संख्या चार मित्रांत वाटून घेतल्या तर रंकाळ्यावर एका संध्याकाळी संपतात. मात्र प्रत्येकाने दुसऱ्याची वही तपासावी.

फसव्या कसोटीपासून सावध

इंटरनेटवर एक सोपी कसोटी सापडते: २ चा (न−१) वा घात न ने भागून बाकी १ आली तर न बहुधा मूळ. इतर संख्यांसाठी ती ठीक असते. मर्सेन घराण्याला ती लावणं म्हणजे आरोपीच्या सख्ख्या भावाला साक्षीला बोलावणं. मूळ घातांकाची कुठलीही मर्सेन संख्या, मूळ असो वा नसो, २ च्या कसोटीत पासच होते. २०४७ सुद्धा होते. २ ऐवजी ३ वापरा, २०४७ लगेच उघडी पडते.

पक्का निकाल: लुका आणि लेहमर यांची कसोटी

मर्सेन संख्यांसाठी एक स्वतंत्र कसोटी आहे. फ्रान्समधल्या एदुआर लुकाने ती एकोणिसाव्या शतकात काढली, अमेरिकेतल्या डेरिक लेहमरने पुढे नीटनेटकी केली. ४ पासून सुरुवात करा. दर पायरीला आलेल्या संख्येचा वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी पायऱ्या झाल्यावर शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. ‘बहुधा’ वगैरे काही नाही.

आधी १२७ वर करून बघा, घातांक ७, पायऱ्या पाच. ४ पासून १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४२, मग १११, मग ०. पास. २०४७ ला नऊ पायऱ्या लागतात आणि शेवटी १७३६ येतात, नापास.

म साठी पायऱ्या २९. इथे माझी फजिती सांगतो. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ इथपर्यंत कॅल्क्युलेटरवर सगळं मजेत चाललं. पुढच्या पायरीला दहा आकडी संख्येचा वर्ग, म्हणजे १९ आकडे. कॅल्क्युलेटरने पुढचे आकडे दाखवले, मागचे गिळले, आणि मी तसाच पुढे रेटत गेलो. शेवटी शून्य काही आलं नाही. मी दोघा मित्रांना फोन करून ऑयलर चुकला असंही सांगितलं! ती ‘नाद खुळा’ चेष्टा अजून चालू आहे. एक्सेलही पंधरा आकड्यांपुढचे आकडे शून्य करून टाकतं, तेव्हा तिथेही हे काम करू नका. पायथनमध्ये पूर्णांक कितीही लांब चालतात, तिथे ही कसोटी चार-पाच ओळींची आहे. तपासणीचे थांबे देतो: पाचव्या पायरीला ६६९६७०८३८ यायला हवं, आणि शून्याच्या आदल्या पायरीला ६५५३६. हे ६५५३६ का, ते स्वतः शोधा. ६५५३६ चा वर्ग २ चा ३२ वा घात आहे, एवढा इशारा बास.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंटला सापडलेली, तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. तिच्यावर शेवटची मोहोर याच कसोटीने उठली. तिचे आकडेच ४,१०,२४,३२० आहेत. ४ पासून सुरुवात, वर्ग, वजा २. रीत तीच.

आता शेजारपाजार

मूळ आहे हे ठरलं, आता पेठ-तालीम विचारायची.

शेजारी बघा. २१४७४८३६४५ ला ५ ने भाग जातो. २१४७४८३६४९ च्या अंकांची बेरीज ४८, म्हणजे ३ ने जातो. म ला जोडमूळ भावंडं, म्हणजे दोनच्या अंतरावरच्या मूळ संख्या, नाहीत, एकटी आहे.

शेवटचे दोन आकडे ४७, त्यांना ४ ने भागून बाकी ३. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येत नाही. १३ = ४ + ९ जमतं, कारण १३ ची बाकी १. म बाबत शोधत बसू नका, मिळणारच नाही.

म ला २ च्या ३० व्या घाताने गुणा: २३०५८४३००८१३९९५२१२८. ही परिपूर्ण संख्या आहे, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सर्व विभाजकांची बेरीज तीच. ६ = १ + २ + ३ हे लहानपणी शिकलेलं, त्याच मालिकेतली ही आठवी. इंग्लंडच्या पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या गोष्टी कुतूहलाच्या, उपयोग शून्य, कोण कशाला शोधेल. १८७६ मध्ये लुकाने २ चा १२७ वा घात वजा १ मूळ असल्याचं दाखवलं आणि त्यातून ७७ आकडी परिपूर्ण संख्या उभी राहिली. माणसं रिकामटेकडी नसतात हा बार्लोचा समज चुकीचा होता.

म स्वतःच घातांक म्हणून वापरली तर? ३ पासून सुरू केलं तर ७, ७ पासून १२७, सगळ्या मूळ. म ने मात्र ही साखळी चालवली नाही. २ चा म वा घात वजा १ ला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. वरचा नियम इथेही आठवा: या विभाजकातून १ वजा करा आणि २ × म ने भागा, बरोबर ६८७४५ येतात. कॅल्क्युलेटरच्या पंधरा आकड्यांत हे कसंबसं बसतं.

उपयोगाचं म्हणाल तर जुन्या ३२ बिटांच्या संगणकी पद्धतीत चिन्हासह ठेवता येणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म हीच. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणारी जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला म पर्यंत पोचतील. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील, वार मंगळवार, आणि अंबाबाईच्या देवळात गर्दी. जी यंत्रं तोवर बदललेली नसतील, ती पुढच्या सेकंदाला १९०१ मध्ये जातील.

शेवटचं काम: म ची प्रदक्षिणा

म−१ चे अवयव पाडा: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. हे पाडणं सोपं आहे. २ बाहेर काढा, उरतो २ चा ३० वा घात वजा १, म्हणजे ३२७६७ × ३२७६९. पुढचं तुम्ही करा.

या अवयवांवरून एक गोष्ट तपासता येते: ७ चे घात घेत म ने बाक्या काढल्या तर १ पासून म−१ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येते आणि मगच फेरी पूर्ण होते. वाटेत एकही घर चुकत नाही, एकही दोनदा लागत नाही. ७ चा पाचवा घात १६८०७ हाही तसाच फिरतो. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये संगणकावर यादृच्छिक आकडे काढायला हीच जोडी सुचवली: आलेल्या संख्येला १६८०७ ने गुणा, म ने भागा, बाकी घ्या. बँकेच्या कुलपाला हे चालत नाही, तिथे शेकडो आकडी मूळ संख्या लागतात. लहानसहान खेळाला, सरावाला पुष्कळ झालं.

१ पासून सुरू करा. पहिलं उत्तर १६८०७, दुसरं २८२४७५२४९, तिसरं १६२२६५००७३. पहिली दोन वहीत करा, तिसरंही करा, पण सावकाश, तिथे गुणाकार तेरा आकडी होतो. नंतर पायथनला दहा हजार वेळा हेच करायला सांगा. दहा हजाराव्या वेळी १०४३६१८०६५ आलं पाहिजे. नाही आलं तर गुणाकार कुठेतरी कापला गेलाय, तिसऱ्या उत्तरापासून परत बघा.